अर्ज फिरून त्याच ठाण्यात

(पोखर्णी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या घरी मी एक वही पाहिली होती. वकिलीला नुकतीच सुरुवात केली होती, कामं फारशी नव्हती, आणि परभणीहून गंगाखेडला जाताना मी इथं उतरत असे. गुरुजी निवृत्त झालेले. दिवेलागणीला ओट्यावर बसायचे आणि येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचे. तहसीलचा, बँकेचा, वीज मंडळाचा. कागदाखाली कार्बन घालायचे आणि मग त्या वहीत नोंद करायचे. वहीत हातानं आखलेले पाच रकाने होते. तारीख, अर्ज कोणाचा, कोणाकडे, पोच मिळाली का, पुढे काय झालं.

पाचव्या रकान्यात काय काय असायचं! ‘मीटर बदललं.’ ‘बांध मोजून मिळाला.’ ‘पगार चालू झाली, म्हातारीनं पेढे आणले.’ पण जे अर्ज पोलिसांविरुद्ध होते, त्यांच्यासमोरचा पाचवा रकाना कोरा. पानामागून पानं उलटली तरी कोरा. गुरुजींना मी कारण विचारलं. म्हणाले, “तू वकील आहेस, तूच सांग.” मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगायचा प्रयत्न करतो.

त्यातला एक अर्ज मला अजून आठवतो. माणसाचं नाव, गाव मी सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. बांधाचं भांडण होतं. त्याला रात्री ठाण्यात नेलं, नोंद न करता ठेवलं, मारलं आणि सकाळी सोडलं. गुरुजींनी त्याचा अर्ज वरिष्ठांकडे लिहून दिला. प्रती आणखी तीन ठिकाणी. चारही ठिकाणांहून पोच आली. पुढं प्रत्येक कचेरीनं तो अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली पाठवला. मी तो कागद नंतर मिळवून पाहिला. त्यावर आवकचे सात शिक्के होते, प्रत्येक शिक्का मागच्यापेक्षा खालच्या कचेरीचा, आणि सातवा त्याच ठाण्याचा. अडीच-तीन महिन्यांनी त्या माणसाला निरोप आला, ‘तुमचा अर्ज आलाय, जबाब द्यायला या.’ तो गेला. जबाब लिहून घेणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर ज्यानं मारलं तोच बसला होता. माणसानं काय लिहून दिलं असेल? ‘माझी आता काही तक्रार नाही.’ खाली अंगठा. अर्ज दप्तरी दाखल.

इथं कोणी नियम मोडला, असं कागदावरून दाखवता येणार नाही. प्रत्येक कचेरीनं आपापलं काम केलं, शिक्का मारला, पुढं पाठवलं. म्हणून मी आजचा विषय असा घेतला आहे की, पोलिसांवर देखरेख ठेवण्यासाठी ज्या कचेऱ्या आहेत, त्या सगळ्यांची काम करण्याची एक सामाईक रीत असावी. विषय रुक्ष वाटेल. पण ज्याच्या घरातलं माणूस ठाण्यातून परत आलं नाही, त्याला तो रुक्ष वाटत नाही.

आधी दारं किती आहेत ते बघू. पोलीस अधीक्षक आहेत, त्यांच्या वर नांदेडला विशेष पोलीस महानिरीक्षक. मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग, दिल्लीत राष्ट्रीय आयोग. अर्जदार दलित किंवा आदिवासी असेल तर त्यांचे आयोग, बाई असेल तर महिला आयोग. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकारी चौकशी करतात, तपास सीआयडीकडे जातो. आणि यांच्या जोडीला पोलीस तक्रार प्राधिकरण.

या प्राधिकरणाचा जन्म ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले अधिकारी. त्यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल लागला. पोलीस खात्यात सुधारणा व्हावी म्हणून न्यायालयानं सात निर्देश दिले. त्यांतला एक असा की, प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण असावं, राज्याच्या प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती, जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश, आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात. महाराष्ट्रानं 2014 साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली आणि राज्य पातळीवर एक व महसूल विभागाच्या पातळीवर एकेक, अशी रचना ठेवली. न्यायालयानं म्हटलेला जिल्हा तिथं गळाला. आपल्यासाठी याचा अर्थ असा की, तक्रारीची सुनावणी परभणीत नाही, जवळपास दोनशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला. पोलिसांचं परिक्षेत्र नांदेड आणि तक्रारीचा विभाग संभाजीनगर, म्हणजे दोन कचेऱ्यांच्या हद्दीसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. मजुरी बुडवून दोनशे किलोमीटर कोण किती वेळा जाणार?

पण अंतरापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. ही दारं एकमेकांना बंद करतात. मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 चा. त्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार, राज्य आयोगापुढं चालू असलेली बाब राष्ट्रीय आयोग घेत नाही, आणि घटनेला एक वर्ष उलटलं की कोणताच आयोग चौकशी करू शकत नाही. आता विचार करा. माणूस आधी अधीक्षकांकडे गेला. तिथं पाच महिने. मग आणखी एका कचेरीत चार महिने, तिथून उत्तर आलं की ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.’ कोणीतरी आयोगाचं नाव सांगितलं, कागदं जमवायला तीन महिने गेले. वर्ष संपलं. त्यानं पहिल्या दिवशीच तक्रार केली होती, पण आयोगाच्या हिशेबानं तो उशिरा आला.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्याच घरातलं उदाहरण देतो. जमिनीला गट नंबर असतो. तुम्ही तलाठ्याकडे जा, बँकेत जा, दुय्यम निबंधकाकडे जा, दिवाणी कोर्टात जा. कचेऱ्या वेगळ्या, अधिकार वेगळे, पण गट नंबर एकच. खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला, प्रत्येक गोष्टीचा फेरफार होतो, त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते, हरकत घ्यायला मुदत मिळते. सातबारावर चुका होतात, त्याही आपल्याला माहीत आहेत. पण चूक कुठल्या फेरफारानं झाली हे शोधता येतं. जमिनीच्या तुकड्यासाठी आपण ही व्यवस्था शतकभर सांभाळली. माणसाच्या पाठीवरच्या वळांसाठी असा एक नंबर आपल्याकडे नाही. पाच कचेऱ्यांत पाच आवक क्रमांक, आणि एकीचा दुसरीला पत्ता नसतो.

आता परभणीबद्दल बोलतो. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला या विषयाची दोन मोठी दुःखं आली आहेत.

पहिलं ख्वाजा युनूस. परभणीचा तरुण अभियंता, दुबईत नोकरीला होता. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्या प्रकरणात त्याच महिन्यात त्याला अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं की, त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या माणसानं वेगळंच सांगितलं, की त्याला कोठडीत जबर मारहाण झाली होती. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, सीआयडीनं तपास केला, पळून गेल्याची गोष्ट टिकली नाही. 14 पोलिसांवर खटला चालवायला परवानगी मागितली गेली. सरकारनं ती 4 जणांपुरती दिली. मुलाचा मृतदेह आईला कधी मिळाला नाही. ती आई परभणीहून मुंबईला खेटे घालत म्हातारी झाली, आणि वीस वर्षं उलटली तरी खटला निकाली निघाला नव्हता.

दुसरं तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत रेल्वे स्टेशनासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, आणि मग धरपकड. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. 35 वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरला त्याचा मृत्यू. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला आणि तो अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 जुलैला तिथं सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं.

मृत्यूपासून खंडपीठाच्या आदेशापर्यंत 201 दिवस होतात. दोषी कोण हे न्यायालय ठरवील, ते आज मी बोलणार नाही. मी बोलतोय ते या 201 दिवसांबद्दल. तुमच्या-माझ्यासारख्यावर दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आली तर त्याच दिवशी नोंद होते. इथं न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल हाती असून साधी नोंद व्हायला एका आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

असं का झालं, याचं एक उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. 2006 पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची, असा नियम झाला. तोच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. चौकशी कोणी करायची हे कायदा सांगतो. पण अहवाल तयार झाल्यावर तो कोणी हाती घ्यायचा, किती दिवसांत, आणि मान्य नसेल तर तसं लेखी कोणी सांगायचं, याबद्दल कायद्यात स्पष्ट वाट नाही. राष्ट्रीय आयोगाचा 1993 पासूनचा दंडक आहे की कोठडीतल्या मृत्यूची खबर 24 तासांत द्यावी. खबर जाते. चौकशी होते. अहवालही होतो. गुरुजींचा पाचवा रकाना तेवढा कोणाच्याच नावावर नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पहिल्या चोवीस तासांची. एकदा एका ठाण्यात मी अशिलासाठी बसलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली, पाण्याच्या जारला लागून, एक काळा डबा होता. जेवणाच्या डब्याएवढा. वर धूळ, पुढं एक बारीक हिरवा दिवा. साऱ्या ठाण्याचं चित्रण त्यात साठत होतं. मागच्या महिन्यातल्या एका रात्रीचं चित्रण मी मागितलं. उत्तर मिळालं, “साहेब, हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.” सांगणारा हवालदार खोटं बोलत नव्हता. डबा तसाच चालतो. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सांगितलं की, प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपलं पाहिजे. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती सांगितली आणि तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्यासोबत महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असावेत असंही म्हटलं. म्हणजे तुम्ही निवडून दिलेल्या माणसाला त्या डब्याबद्दल विचारण्याचा अधिकार आहे. जिल्हा परिषदेच्या सभेत रस्ते, नळयोजना यांवर तासन्‌तास बोलणं होतं. या डब्यांवर किती वेळा झालं, हे आपल्या सदस्याला विचारा.

बाहेरच्या जगात हे प्रश्न लोकांनी कसे सोडवले? इंग्लंडचं उदाहरण बोलकं आहे, कारण तिथं आधी आपल्यासारखंच झालं. 1977 साली एक मंडळ काढलं, 1985 साली ते बदललं, 2004 साली आयोग आला, 2018 साली त्याचं नाव आणि रचना पुन्हा बदलली. पाट्या बदलून फार काही साधलं असं मला वाटत नाही. साधलं ते वेगळ्या गोष्टीनं. इंग्लंड-वेल्समध्ये 43 प्रादेशिक पोलीस दलं आहेत. तक्रार कशी नोंदवायची, कोणती स्वतः हाताळायची, कोणती स्वतंत्र संस्थेकडे पाठवायचीच, याची एक लेखी मार्गदर्शिका त्या सगळ्यांना लागू आहे आणि तिला कायद्याचा आधार आहे. पोलिसांच्या संपर्कात आलेल्या माणसाचा मृत्यू झाला तर विलंब न लावता, फार तर दुसरा दिवस संपायच्या आत, प्रकरण बाहेरच्या संस्थेकडे गेलंच पाहिजे. वरिष्ठांच्या मर्जीवर ते ठेवलेलं नाही.

उत्तर आयर्लंडनं त्याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथं दोन समाजांत तीस वर्षं रक्त सांडलं होतं आणि एक समाज पोलिसांवर काडीचा विश्वास ठेवायला तयार नव्हता. 1997 साली मॉरिस हेज यांनी अहवाल दिला, 2000 साली पोलिसांसाठी स्वतंत्र लोकपाल कचेरी उघडली, पहिल्या लोकपाल नुआला ओलोन. पोलिसांविरुद्धची तक्रार, मग ती शिवीगाळीची असो की गोळीबाराची, त्या एकाच दारात. तिचे स्वतःचे तपास करणारे लोक आहेत, आणि मृत्यू झाला तर ते स्वतः घटनास्थळी जातात. दार एक, पण ते उघडल्यावर आत माणसं बसलेली आहेत.

ती माणसं कोण असावीत, यावर आपल्याकडे फार वाद होतो. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले नकोत, ते आपल्यांनाच सांभाळतील, असं एक म्हणणं. बाहेरचे नकोत, त्यांना तपासातलं काय कळतं, हे दुसरं. पोखर्णीत उभं राहून मला वेगळं उदाहरण शोधायची गरज नाही. इथल्या देवाची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलीत. हिरण्यकश्यपूला वर होता, घरात मरण नाही, घराबाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. सत्तेनं स्वतःभोवती असं कुंपण घातलं होतं की कोणताच नियम तिला लागू पडू नये. देव प्रकटला तो उंबरठ्यावर, ना आत ना बाहेर. देखरेख करणाऱ्या कचेरीची जागा मला तीच वाटते. खात्याच्या आत बसली तर ती खात्याची होते. अगदी बाहेर उभी राहिली तर तिला ठाण्याची डायरी वाचता येत नाही, आणि कुठल्या रकान्यात कशी खाडाखोड होते हे कळत नाही. जाणकार तपासनीस हवेतच, 2006 च्या निकालानंही निवृत्त तपास अधिकाऱ्यांची मदत घ्यायला मुभा दिली आहे. पण शेवटचा शब्द न्यायाधीशाचा आणि खात्याबाहेरच्या माणसांचा असावा, आणि ज्या जिल्ह्यात नोकरी केली त्या जिल्ह्यात चौकशी नको.

माझ्या मते सामाईक रीत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अधिकार वेगळे राहू द्या. आयोगानं खटला चालवू नये, दंडाधिकाऱ्यानं खातेनिहाय शिक्षा देऊ नये, हे ठीक आहे. पण तक्रार कोणत्याही दारात पडो, तिला एकच क्रमांक मिळावा, आणि पहिल्या पोचेची तारीख सगळीकडे धरली जावी, म्हणजे वर्षाची मुदत माणसावर उलटणार नाही. तक्रार आल्याबरोबर चित्रणाचा डबा, ठाण्याची डायरी आणि वैद्यकीय तपासणी या तीन गोष्टी त्याच दिवशी सुरक्षित व्हाव्यात. चौकशी कोणाकडे जाणार हा वाद नंतर घाला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या ठाण्यात जबाब कधीच नको. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती आहे, ती न्यायालयाच्या आवारात बसते, जबाब तिथं होऊ शकतो. आणि एका घटनेचा जबाब एकदाच. ज्या बाईवर कोठडीत अत्याचार झाला, तिनं तीच गोष्ट पाच टेबलांवर पाच वेळा सांगायची, ही मला सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आरोपी सुटले आणि त्या संतापातून 1983 साली देशाचा बलात्काराचा कायदा बदलला. इतकी मोठी किंमत देऊन कायदा बदलला, पण जबाबाची ती पाच टेबलं आपल्याला अजून एक करता आलेली नाहीत.

बरंचसं करायला नवा कायदा लागेलच असं नाही. आयोग, प्राधिकरण, विधी सेवा आणि गृह विभाग यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढलं तरी सुरुवात होते. अहवालाचं उत्तर साठ दिवसांत, कारवाई तरी करा किंवा का नाही ते लेखी सांगा, हे मात्र कायद्यातच यायला हवं. तिथं मी परिपत्रकावर विसंबणार नाही.

या सभेत मागं काही पोलीस बांधव उभे आहेत, साध्या कपड्यांत असले तरी मी ओळखतो. बंदोबस्त करून, बारा-बारा तास उभं राहून आलेले. ही रीत तुमच्याविरुद्ध नाही. खोटी तक्रार झाली की वर्षानुवर्षं प्राथमिक चौकशी लोंबकळते, बढती अडते, बायको-पोरं बोलणी खातात. डब्यातलं चित्रण पुसलं गेलं तर तुमचं निर्दोषपणही पुसलं जातं. ज्या शिपायानं साहेबाचा हात धरून ‘बस झालं’ म्हटलं असेल, त्याचा पुरावासुद्धा त्याच डब्यात असतो. तुमच्या बाजूचा निकालही मुदतीत लागला पाहिजे आणि तो तुमच्या हातात लेखी पडला पाहिजे.

आता गुरुजींच्या वहीकडे येतो. त्यांच्या मुलानं ती जपून ठेवली आहे आणि आज मला दिली. मी तशीच एक नवी वही आणली आहे, तेच पाच रकाने आखून. बाहेर मंडपाच्या कोपऱ्यात टेबल मांडलंय. ज्यांच्याकडे पोलिसांबद्दलचा जुना-नवा अर्ज असेल, त्यांनी तो आणि त्याची पोच घेऊन यावं. पोच नसेल तरी या, तारीख आठवते तेवढी सांगा. वर्ष पुरं व्हायला ज्यांचे थोडे दिवस उरलेत, त्यांना आधी बसवू. नाव सांगायची भीती वाटत असेल तर नुसती तारीख आणि ठाणं लिहू. माझ्यासोबत दोन तरुण वकील आलेत. मी मुक्कामाला आहे, उद्या दुपारपर्यंत कुठं जाणार नाही.